दुसरी ओळ

गावाकडचे जुने घर रिकामे केल्यावर निघालेली पितळी भांडी घेऊन मी गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका दुकानात मोड द्यायला गेलो होतो. एक घंगाळ, बुडाला चीर गेलेली परात, झळून काळी पडलेली कळशी आणि तीन तांबे. चिंचेचा हात कित्येक वर्षांत न लागल्यामुळे सगळ्यांवर हिरवट काळे पुट चढले होते आणि पोत्यातून काढताना हातांना तो ओळखीचा, किंचित आंबट धातूचा वास लागला होता. दुकानदार एकेक भांडे उचलून टिचकी मारून पाहत होता आणि काट्यावर ठेवत होता. त्यातला एक तांब्या मात्र त्याने उजेडाकडे तिरका धरला, काठाखालचा पट्टा अंगठ्याने घासला, आणि ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरे मोठ्याने वाचली. ‘कैलासवासी’, मग एक नाव, मग ‘यांचे स्मरणार्थ’. खाली आणखी एक ओळ होती. तिच्यावरचे पुट निघाले नव्हते. "हे कोण तुमचे?" त्याने विचारले. मी घड्याळाकडे पाहत होतो. "असतील कोणीतरी," मी म्हणालो, आणि त्याने तांब्या काट्यावर ठेवला.

घरी पोहोचेपर्यंत ते कोण, हे मला आठवले होते.

नावावरून नव्हे, आडनावावरून. ते नाव मी जन्मात कधी ऐकलेच नव्हते, कारण ज्या बाईच्या तोंडून ते ऐकायला मिळाले असते ती नवऱ्याचे नाव घेत नसे. माझ्या आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे आमची आत्याआजी. तिचे यजमान बोटीवर आगवाला होते, बॉयलरच्या तोंडाशी कोळसा ओढण्याचे काम. १९४२ च्या पावसाळ्यात ते मुंबईहून बोटीवर चढले आणि त्यानंतर ना बोट आली, ना माणूस आला, ना कुणी शपथेवर सांगेल अशी बातमी आली. आत्याआजी माहेरी आली आणि माहेरीच राहिली, पण कुंकू लावून राहिली. बारा वर्षे लोटल्यावर भटजींनी पालाशविधी सुचवला. देह सापडत नाही तेव्हा पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी देतात, म्हणजे तिथी ठरते, श्राद्ध करता येते, सुतक एकदाचे फिटते. तिने नकार दिला. "पानांना कशाला जाळायचं," एवढेच ती म्हणाली असे सांगतात. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे की नाही, हा प्रश्न आळीत दर संक्रांतीला नव्याने निघे. १९८१ साली ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. माजघरात बायका दबक्या आवाजात बोलत होत्या आणि त्यांना ठरवता येत नव्हते की हिला सवाष्ण म्हणून ओटी भरून पाठवायचे की कसे. शेवटी माझ्या आजीने काही न बोलता फडताळातून हिरवा खण काढून आणला.

त्या रात्री मला झोप आली नाही. आणि अशा रात्री मन जिकडे जाऊ नये तिकडेच जाते. माझे गेले एका अंगठीकडे, जी मी कधी पाहिलेली नाही आणि जिच्याशी माझे काहीही नाते नाही. ती पासष्ट मीटर पाण्याखाली, पापुआ न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या हान्सा उपसागराच्या तळाशी एकोणऐंशी वर्षे गाळात होती. तिच्यातला खडा निघून गेलेला होता, पण ‘बॉम्बार्डियर’ हा कोरलेला शब्द वाचता येत होता. विमानातून बॉम्ब सोडणाऱ्याचा हुद्दा. ती थॉमस केली या एकवीस वर्षांच्या सेकंड लेफ्टनंटची होती, आणि २०२५ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर या त्याच्या गावी त्याच्या अस्थी दफन झाल्या, तेव्हाच्या बातम्यांत मी तिच्याविषयी वाचले होते.

अमेरिकेच्या एका बॉम्बफेकी विमानाविषयी मी इतके का वाचत बसतो, याचे कारण माझ्या वडिलांमध्ये आहे. ते विमान बी-२४ लिबरेटर जातीचे होते, आणि लिबरेटर हा शब्द आमच्या घरात एखाद्या जुन्या शेजाऱ्याच्या नावासारखा वापरला जाई. युद्ध संपल्यावर इंग्रजांनी हिंदुस्थानात सोडून दिलेली आणि जाताना मुद्दाम मोडतोड करून ठेवलेली लिबरेटर विमाने कानपूरहून बंगळूरला नेऊन, तिथे दुरुस्त करून आपल्या हवाई दलाने वापरात आणली. त्यांतली काही पुढे समुद्रावर टेहळणी करण्यासाठी पुण्यात आली, आणि १९६८ च्या अखेरीस निवृत्त होईपर्यंत उडत राहिली. वडील तेव्हा येरवड्याला राहत. लिबरेटर डोक्यावरून गेले की फळीवरच्या कपबशा थरथरत आणि आजी एक हात कपाटाला लावून उभी राहत असे, असे ते सांगत. म्हणजे ज्या यंत्राने न्यू गिनीच्या किनाऱ्यावर आग ओतली त्याच्याच भावंडाला माझी आजी कपाट धरून वाट देत होती. या गोष्टीला तसा काही अर्थ नाही, पण परक्या माणसांचे मरण वाचताना कुठे तरी पाय टेकवायला जागा लागते, आणि माझी ही होती.

‘हेवन कॅन वेट’ असे त्या विमानाच्या नाकाडावर लिहिलेले होते. स्वर्गाला म्हणावे, थांब जरा. पंचविशीच्या आतबाहेरच्या पोरांचे हे धाडस, थोडे गमतीचे, थोडे अंगावरची भीती झटकून टाकण्याचे. आपल्याकडे ट्रकच्या मागे लिंबू-मिरची बांधून वर शेर लिहितात, त्याच जातीचे. ११ मार्च १९४४ रोजी हे विमान हान्सा उपसागराच्या काठच्या अवार पॉइंटजवळच्या जपानी विमानवेधी तोफांवर बॉम्ब टाकायला निघाले. आत अकरा माणसे होती. बरोबरच्या विमानांतल्या लोकांनी जे पाहिले ते नोंदींत आहे: बॉम्ब ठेवण्याच्या पोटातून ज्वाळा निघाल्या, त्या झपाट्याने शेपटीकडे पसरल्या, विमानाने एकदम नाक वर उचलले, मग डाव्या बाजूला कलून ते समुद्रात कोसळले. सोबतच्यांना वरून कोणी वाचलेले दिसले नाही.

लिबरेटर पाण्यावर उतरवण्याचे विमान नव्हते, हे त्यात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असे. त्याचे लांब, अरुंद पंख खांद्यापाशी, म्हणजे धडाच्या वरच्या बाजूला जोडलेले असत. त्यामुळे पाण्यावर आपटताना सगळा आघात पोट झेलत असे, आणि ते पोट तर बॉम्बसाठी पोकळ ठेवलेले. त्याची दारे दुकानाच्या वरखाली गुंडाळल्या जाणाऱ्या शटरसारखी, पातळ पत्र्याची. पाण्याचा पहिला तडाखा बसला की ती आत येत आणि विमान कमरेत मोडे. पुढच्या भागातून मागच्या भागात जायचे तर त्या पोकळीतून वीतभर रुंदीच्या पट्टीवरून, दोन्ही बाजूंना बॉम्ब लटकत असताना, अंग चोरत जावे लागे. आग लागली ती नेमकी तिथे. म्हणजे नाकातला केली आणि शेपटीतला तोफची यांच्यामधला रस्ताच जळत होता. ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून खिडकीशी जाऊन उभा राहिलो होतो, कारण त्या रचनेचे चित्र एकदा डोक्यात बसल्यावर ‘विमान कोसळले’ हे दोन शब्द पूर्वीसारखे सपाट राहत नाहीत.

मग घरी तारा गेल्या. बेपत्ता, असा शब्द तारेत असे. मेला असा नव्हे. युद्धानंतर अमेरिकेच्या पथकांनी न्यू गिनीच्या जंगलांत आणि किनाऱ्यांवर पडलेली विमाने धुंडाळली, १९४८ च्या अखेरीस तो शोध थांबला, आणि या अकरांपैकी कोणी हाती लागले नाही. मनिलाच्या अमेरिकन दफनभूमीत बेपत्ता सैनिकांच्या नावांच्या भिंती आहेत, त्यांवर छत्तीस हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत, त्यांत ही नावेही गेली. केलीच्या घरच्यांनी आपल्या कुटुंबाच्या थडग्यावर त्याचे नाव आणि एका विमानाची आकृती कोरून घेतली होती, खाली कोणी नसताना. ही त्यांची पळसाची पाने, असे माझ्या मनात आले. उलट विमान चालवणारा हर्बर्ट टेनिसन याच्या पत्नीने पुन्हा लग्न केले नाही. ती शहाण्णव वर्षांची होऊन गेली, आणि तो परत येईल ही आशा तिने शेवटपर्यंत सोडली नव्हती असे तिच्या घरचे सांगतात. मला त्या बाईच्या कपाळावर कुंकू दिसते. हे हास्यास्पद आहे याची मला कल्पना आहे, पण दिसते.

शोध पुन्हा सुरू झाला तो सरकारी कचेरीतून नव्हे, तर घरातून. २०१३ साली केलीच्या पुतण्या-भाच्यांच्या पिढीतल्या एका नातेवाइकाने ठरवले की हा माणूस नेमका कसा गेला एवढे तरी कळले पाहिजे. त्याला विमान शोधायचे नव्हते. त्याला दिवस शोधायचा होता, म्हणजे त्या दिवशी कोण कुठे होते, कोणी काय पाहिले, कोणी डायरीत काय लिहिले. घरचे आणखी काही जण त्याच्या मदतीला आले, आणि मोहिमेच्या कागदांमधून विमान कुठल्या बाजूला कलले, कुठे पडले, हे उलगडत गेले. जी गोष्ट सगळ्यांना तारखेनिशी माहीत होती तिच्यातला तपशील कोणालाच माहीत नव्हता, असा तो प्रकार होता. आमच्याकडे नेमके उलटे झाले होते. आमच्याकडे तपशील भरपूर होते, बोटीवर चढताना त्यांच्या हातात कुठल्या रंगाची वळकटी होती इथपर्यंत; तारीख तेवढी नव्हती.

ही सगळी सामग्री ‘प्रोजेक्ट रिकव्हर’ या संस्थेपर्यंत पोहोचली. २०१७ च्या ऑक्टोबरात त्यांचे पथक हान्सा उपसागरात उतरले, किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांशी बोलले, आणि ध्वनिलहरींनी तळ चाचपणारी उपकरणे पाण्यात सोडून अकरा दिवसांत सुमारे सत्तावीस चौरस किलोमीटर समुद्रतळ पालथा घातला. विमान सापडले. तळाशी तुकडे विखुरलेले, पंख, इंजिने, गाळाने अर्धवट झाकलेले. पासष्ट मीटर ही खोली मोठी विचित्र आहे. हौशी पाणबुड्यांसाठी ती फार खोल आहे, त्यामुळे त्या विमानाला कोणी लुटले नाही. आणि तिथे पोहोचणाऱ्यालाही हाडे वेचण्याइतका वेळ तिथे थांबता येत नाही, कारण जितका वेळ खाली काढावा त्याच्या कितीतरी पट वेळ वर येताना टप्प्याटप्प्याने थांबत द्यावा लागतो, नाही तर रक्तात विरघळलेला वायू बाटली फोडल्यावर सोड्याला येतो तसा फेसाळतो.

म्हणून २०२३ च्या मार्चमध्ये अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांनी वेगळा मार्ग घेतला. जहाजावरच्या एका पोलादी खोलीत त्यांनी स्वतःला कोंडून घेतले, आतला दाब तळावरच्या पाण्याइतका वाढवला, आणि दिवसच्या दिवस त्याच दाबात खाल्ले, झोपले, कामाला गेले. खोलीतून घंटेच्या आकाराच्या बंद पिंजऱ्यात शिरायचे, पिंजरा तळाशी सोडायचा, काम करायचे, पुन्हा खोलीत यायचे. दाब उतरवायचा तो शेवटी एकदाच, संथपणे. श्वासाला हेलियम मिसळलेला वायू, त्यामुळे आवाज बदकासारखा चिरका होतो. मृतांची हाडे शोधणारी ती थोराड माणसे एकमेकांशी चिरक्या आवाजात बोलत असतील, हे मला राहून राहून आठवते. तळावरचा गाळ टोपल्यांतून वर काढून चाळायचा. तांदूळ निवडावेत तसा. बेपत्ता सैनिकांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी खात्याने तोवर इतक्या खोलवरून कुणाच्या अस्थी काढल्या नव्हत्या. वर आल्या त्या अस्थी, काही ओळखपट्ट्या, आणि ती अंगठी. रेडिओ सांभाळणारा युजीन डॅरिगन याच्या गळ्यातल्या पट्टीवर, गंजाने खाल्लेल्या पत्र्यावर, त्याच्या बायकोचे नाव वाचता येत होते. युद्धाच्या पहिल्या वर्षांत अमेरिकी सैनिकांच्या पट्टीवर, काही झाले तर कोणाला कळवायचे त्या माणसाचे नाव-पत्ता कोरत. १९४३ च्या मध्यानंतर ती पद्धत बंद झाली. म्हणजे समुद्राच्या तळाशी इतकी वर्षे जे नाव होते ते बुडालेल्याचे एकट्याचे नव्हते, वाट पाहणाऱ्याचेही होते.

२०२४ साली डीएनए, दात आणि हाडे यांवरून चौघांची ओळख पटली: केली, टेनिसन, डॅरिगन आणि दिशादर्शक डोनाल्ड शेपिक. मनिलाच्या भिंतीवर अशा नावांशेजारी ब्राँझचे एक छोटे फूल बसवतात.

आता इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हे सगळे वाचताना मला भरून येत होते, आणि त्याच वेळी आत कुठे तरी चीडही येत होती. चार माणसांच्या मूठभर हाडांसाठी एवढे जहाज, एवढी माणसे, एवढा पैसा! आणि ज्या किनाऱ्यावर हे अकरा जण बॉम्ब टाकायला आले होते त्या किनाऱ्यावर तेव्हा आणखीही कोणी होते. सिंगापूरला शरण गेलेल्या हिंदी फौजेतले हजारो कैदी जपान्यांनी १९४३ मध्ये बोटींत कोंबून न्यू गिनीला आणले होते. हान्सा उपसागराच्या पश्चिमेला, त्याच किनाऱ्यावर, वेवाक आहे. तिथे आणि सेपिक नदीच्या खोऱ्यात ते ओझी वाहत होते, धावपट्ट्या बांधत होते, मार खात होते, भुकेने आणि मलेरियाने मरत होते. त्यांच्या डोक्यावरही बॉम्ब पडत, ते दोस्तांचेच. युद्ध संपल्यावर सेपिकच्या भागात ऑस्ट्रेलियन सैन्याला त्यांतले अवघे अकरा जण जिवंत सापडले. त्यांतल्या चिंत सिंग या अधिकाऱ्याला जपानी अधिकाऱ्यांवरच्या खटल्यात साक्ष देण्यासाठी मागे ठेवून घेतले. बाकीचे दहा नोव्हेंबर १९४५ मध्ये घरी परतत असताना विमान कोसळून मरण पावले. अकरा आणि अकरा हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यातून काही काढू नये, हे मला कळते. पण त्या मेलेल्या हजारोंमधल्या कितींच्या घरी निदान तारीख तरी पोहोचली असेल? त्यांच्या गळ्यात काय होते, कोणी चाळले? त्या बोटींच्या बॉयलरपाशी उभे असलेल्या माणसांचे तर विचारूच नका.

या चिडीचे काय करायचे ते मला अजून कळलेले नाही. ती केलीच्या घरच्यांवर काढण्यात अर्थ नाही. त्यांनी आपल्या माणसाविषयी विचारले, एवढेच. आमच्या घरात कोणी विचारले नाही, किंवा विचारले असेल तर कोणाला विचारायचे ते ठाऊक नव्हते. आणि दुकानदाराने जेव्हा मला विचारले, साध्या कुतूहलाने, दुपारी साडेबारा वाजता, तेव्हा मी "असतील कोणीतरी" म्हणालो.

खाली अजून सातजण आहेत. खडा गेलेल्या आणखी अंगठ्या असतील, किंवा नसतील. खात्याने पुन्हा तिथे जाण्याची शक्यता खुली ठेवली आहे.

गावी फोन करून मी चुलतआत्याला विचारले. ती आता पंच्याऐंशीची आहे. नाव ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "अरे, ते त्यांचंच नाव. तुला कुणी सांगितलं?" मी तांब्याचे सांगितले. कुणी कोरून घेतला असेल, ते तिलाही ठाऊक नव्हते. आत्याआजी गेल्यानंतर तिच्या भावाने कोरून घेतला असेल तर ते समजण्यासारखे होते. पण तिच्या हयातीतच, तिला न कळवता, एखाद्या सर्वपित्रीला कोणी ते नाव ‘कैलासवासी’ करून टाकले असेल, आणि तो तांब्या माळ्यावर कपड्यात गुंडाळून ठेवला असेल, तर तीस-चाळीस वर्षे ती बाई ज्या घरात कुंकू लावून वावरत होती त्याच घराच्या माळ्यावर तिचा नवरा मेलेला होता. "खाली तारीख असेल ना," चुलतआत्या म्हणाली. "तारीख बघ, म्हणजे कळेल. तारीख काय घातलीय?"

मी तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो. दुकान उघडून नुकतीच उदबत्ती लावली होती. मागच्या बाजूला, जिथे मोडीचा ढीग असतो तिथे, झाडून स्वच्छ केलेली फरशी होती. "माल काल गेला भट्टीला," तो म्हणाला. मी तांब्याचे वर्णन केले. त्याला आठवत होता. "तुम्ही म्हणालात ना, असतील कोणीतरी." खालच्या ओळीत काय होते ते त्याने पाहिले नव्हते, आकडे असावेत असे त्याला वाटत होते, पण चार की सहा, हे तो सांगू शकत नव्हता. त्याने मला चहा मागवला. माझ्या खिशात परवाची पावती होती, ती मी उगाचच काढून पुन्हा वाचली. पितळ, मोड, अकरा किलो तीनशे ग्रॅम, घट वजा जाता.